जिथे स्लॉट, तो देश आपला : माझा अनुभव

सासऱ्यांची पंचाहत्तरी २०२४ च्या मे महिन्यात होती. हॉल नको, जेवणावळ नको, शाल-श्रीफळ तर नकोच, सगळे मिळून कुठेतरी समुद्रावर जाऊ, एवढंच बाबा म्हणाले. समुद्र म्हणजे त्यांच्या डोक्यात गुहागर होतं. ते वाढत वाढत भूमध्य समुद्रापर्यंत गेलं, त्याला कारण माझा धाकटा दीर. तो श्टुटगार्टला असतो, त्याची मुलगी पाच वर्षांची, आणि तिला मेच्या उन्हात पुण्याला आणणार नाही असं जाऊबाईंनी आधीच सांगून टाकलेलं. ‘मग अर्ध्या वाटेवर भेटू’ हे पहिल्यांदा कोण म्हणालं यावरून आमच्याकडे अजून वाद आहे.

माणसं चौदा. जर्मनीवाल्या तिघांकडे तिथला रहिवासी परवाना, त्यांना व्हिसा लागत नाही. उरलो अकरा: आम्ही चौघं, आई-बाबा, नाशिकचे काका-काकू आणि बंगळूरची नणंद, तिचा नवरा आणि मुलगा. बाबा पंचाहत्तर, आई सत्तर, काकूंचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि निम्मं घर शाकाहारी. एवढ्या सामानासकट देश निवडायचा होता.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती आमच्या लक्षात उशिरा आली. आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि तिकडचा उन्हाळा एक नव्हे. त्यांची गर्दी जुलै-ऑगस्टची, आणि तेव्हाचं ऊनही आपल्याला वाटतं तसं गोऱ्यांचं कोवळं ऊन नसतं. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ अंश नोंदले गेले होते, म्हणजे जळगावनेही मान खाली घालावी. आम्ही परत आलो त्यानंतर दोन आठवड्यांत अथेन्समध्ये टेकडीवरचं प्राचीन अ‍ॅक्रोपोलिस उन्हामुळे दुपारी बंद ठेवावं लागलं. उलट मेअखेर तिथे पंचवीस-सव्वीसची सुंदर हवा असते, फक्त समुद्र गार. वीसेक अंश. गोव्याच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाची पाय घातल्यावर किंकाळी निघते. आमच्याकडे चौघांची निघाली. दिराच्या राज्यातल्या शाळांना २१ ते ३१ मे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती आणि आमच्या मुलांना तर सुट्टीच, त्यामुळे तारखांचा प्रश्न सुटला. निदान तसं वाटलं.

देशांची नावं जानेवारीत काढली. ग्रीसचं सान्तोरिनी बेट पहिल्याच बैठकीत बाद. फोटोत जे निळं-पांढरं दिसतं त्याच्यामध्ये पायऱ्याच पायऱ्या असतात. जुन्या बंदरापासून वर गावात जायलाच जवळजवळ सहाशे. केबल कार आहे, पण वर पोचल्यावरही पायऱ्या सुटत नाहीत. इटलीतला आमाल्फीचा किनारा त्याच कारणाने गेला. माल्टा नवऱ्याला आवडलं होतं, कारण तिथे आपल्यासारखी डावीकडून गाडी चालवतात आणि इंग्रजी चालतं, पण चौदा जणांना एकत्र पुरेल असं घर आमच्या पैशात मिळेना. सायप्रसमध्येही डावीकडूनच चालवतात, पण तो युरोपियन युनियनमध्ये असून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणजे व्हिसाचं प्रकरण वेगळं. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीय पासपोर्टवर तेव्हाच मिळतो जेव्हा आधीच शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना असेल. बाबांच्या पासपोर्टवर तोवर यातलं काहीच नव्हतं.

स्पेनचं मायोर्का, इटलीतलं सिसिली, क्रोएशिया आणि ग्रीसचं क्रीट एवढे उरले. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आल्यामुळे चारही ठिकाणी एकाच जातीचा व्हिसा. मतदान झालं, एक नाव पुढे आलं, चार बेडरूमचं घरही सापडलं. त्या देशाचं नाव घेत नाही. त्यांच्या समुद्राचा काही दोष नाही.

आता स्लॉटबद्दल.

ज्यांनी हा प्रकार केला नसेल त्यांच्यासाठी: अर्ज वकिलातीत थेट देता येत नाही. मध्ये एक व्हिसा सेंटर असतं, तिथे कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे, आणि त्यासाठी त्यांच्या साइटवर वेळ घ्यायची. ही वेळ म्हणजे स्लॉट. साइटवर महिन्याचं कॅलेंडर उघडतं. राखाडी चौकोन म्हणजे जागा नाही, हिरवा म्हणजे आहे. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडलं तेव्हा मार्च राखाडी, एप्रिल राखाडी, मे उघडलेलाच नव्हता.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. म्हणजे आम्ही नोव्हेंबरात बसायला हवं होतं, आणि नोव्हेंबरात आम्ही दिवाळीचे फराळाचे डबे पोचवत होतो.

नवीन स्लॉट कधी टाकतात हे कुठेच लिहिलेलं नसतं. कोणी म्हणे सकाळी दहाला, कोणी म्हणे मध्यरात्री. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, जिथे एरवी दुधाच्या पिशव्यांचा हिशोब असतो, तिथे टिपायला लागले: स. १०.०५ नाही, दु. ४ नाही, रा. १२.३० नाही. फेब्रुवारीचं पान संपेपर्यंत दुधाला जागा उरली नाही आणि दूधवाल्याशी पाच लिटरवरून वाद झाला तो वेगळाच.

एकदा रात्री पावणेतीनला हिरवा चौकोन दिसला. आठ माणसांची माहिती भरायची (बंगळूरकरांचा अर्ज त्यांच्या हद्दीतल्या सेंटरमध्ये, कारण तुम्ही राहता तिथल्या वकिलातीकडेच अर्ज द्यावा लागतो). नाव, आडनाव, पासपोर्ट क्रमांक, दिल्याची तारीख, संपण्याची तारीख, आठ वेळा. सहाव्याला पोचले आणि पडदा पांढरा. तुमचं सत्र संपलं आहे, कृपया पुन्हा लॉग इन करा. पुन्हा गेले तर चौकोन राखाडी. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. नवरा पाणी प्यायला उठला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी न पिताच परत गेला.

नंतर कळलं की एका ग्रुपमध्ये पाचच माणसं बसतात. सहावं नाव भरूनही काही उपयोग झाला नसता. हे कुठे लिहिलं होतं? पाचवं नाव भरल्यावर ‘पुढे’चं बटण दाबलं की खाली बारीक अक्षरात.

म्हणून पाच अधिक तीन असं ठरलं. चार म्हाताऱ्यांबरोबर मी, आणि नवरा दोन मुलांना घेऊन वेगळा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाचांचा स्लॉट लागला, ४ एप्रिलचा. सेवाशुल्क तिथल्या तिथे भरलं. घरात पेढे यायचे बाकी होते. मग तिघांसाठी बारा दिवस काही नाही, आणि तेराव्या दिवशी एक हिरवा चौकोन: २९ मे. आमचं विमान त्याच्या कितीतरी आधी.

सेंटरला फोन केला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पेटीसारखी एक धून. चाळीस मिनिटं. स्पीकरवर ठेवून मी भाजी चिरली, आई पोळ्या करत होत्या. तिसऱ्या दिवसापर्यंत ती धून त्यांना पाठ झाली आणि त्या लाटता लाटता गुणगुणायला लागल्या. ईमेल केला तर चौदा आकडी तक्रार क्रमांक आला. तीन दिवसांनी उत्तर आलं: उपलब्धतेनुसार स्लॉट साइटवर दिसतील. म्हणजे जे मला दिसत नव्हतं तेच मला पाहायला सांगितलं होतं.

एक एजंट भेटला. माणशी चार हजारात ‘करून देतो’ म्हणाला. आमच्यासारख्यांना रात्री तीनला न दिसणारे स्लॉट त्याला दुपारी दोनला कसे दिसतात, हे विचारल्यावर तो हसला. दुसऱ्याने आणखी सोपं सांगितलं: ज्या देशाचा स्लॉट आहे त्याचा व्हिसा घ्या आणि जायचं तिकडे जा, आत गेल्यावर कोण विचारतंय. विचारतात. नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. पंचाहत्तरीच्या माणसाला विमानतळावर खोटं बोलायला लावायची माझी हिंमत नव्हती, आणि बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त हेडमास्तर, ते बोललेही नसते.

त्यातच १६ मार्चला लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. पुणे १३ मे, ठीक. नाशिक २० मे. आम्ही निघणार होतो १८ ला. काकांनी फोन करून शांतपणे सांगितलं, तुम्ही या जाऊन. म्हणजे २१ च्या आधी निघणं नाही. पुढे खरोखरच ते डाव्या तर्जनीवर शाई घेऊन मुंबई विमानतळावर आले आणि ते बोट रांगेतल्या अनोळखी लोकांनाही दाखवत होते.

तर त्या रात्री मी पुन्हा राखाडी कॅलेंडरसमोर बसले असताना माझा चौदा वर्षांचा मुलगा मागून म्हणाला, “अगं आई, ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्याकडे जाऊ ना. समुद्र तोच आहे.” मी चिडून त्याला झोपायला पाठवलं आणि मग ग्रीसचं पान उघडलं. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, एकाच सकाळी, आठही जणांना. बंगळूरलाही त्याच आठवड्यात. पाच मिनिटांत दोन महिन्यांचं भांडण मिटलं, आणि आम्ही क्रीटला जाणार असं ठरलं. देश निवडला तो असा. आधीच्या घराचं बुकिंग फुकटात रद्द करता येणारं होतं म्हणून वाचलो. मोठ्या कुटुंबाने दुसरं काही घेऊच नये, थोडं महाग पडलं तरी. पाच जणांचं सेवाशुल्क मात्र गेलं ते गेलंच. त्या चौदा आकडी क्रमांकावर मी अजून अधूनमधून लिहिते.

पुढचं सुरळीत झालं. फी तेव्हा ८० युरो होती (११ जून २०२४ पासून ९० झाली; सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, सहाखालच्यांना नाही). विमा किमान तीस हजार युरोचा लागतो, आणि सत्तरी ओलांडली की त्याचा हप्ता एकदम उडी मारतो, ते आधी विचारून ठेवा. बाराच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत. काकूंचे ठसे मशिनला उमटेनात. चाळीस वर्षं भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीने ओला टिश्यू दिला, बोटं चोळायला सांगितली, पाचव्यांदा आले. “घासण्याचं काम इथेही सुटलं नाही,” असं काकू म्हणाल्या आणि ती मुलगी खरोखर हसली. चौदाव्या दिवशी पासपोर्ट घरी.

क्रीटबद्दल थोडकं. रेथिम्नोजवळच्या गावात घर घेतलं, खाली दोन खोल्या आणि खालीच संडास, कारण मोठ्या कुटुंबात घर बघताना पोहण्याच्या तलावाआधी हे बघायचं असतं. साध्या लायसनवर चालकासकट नऊ जणांचीच गाडी चालवता येते, म्हणून एक नऊ आसनी आणि एक पाच आसनी. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. बेट लांबीला सुमारे २६० किलोमीटर आहे. टोकापासून टोकापर्यंत जाण्याचा बेत करू नका, आम्ही एक दिवस केला आणि मागच्या सीटवरच्या तिघांनी दुसऱ्या दिवशी गाडीत बसायला नकार दिला.

शाकाहाराची भीती मला सगळ्यात जास्त होती, तीच पहिल्या रात्री गेली. ग्रीक लोकांचे उपास आपल्याइतकेच. त्या उपासांच्या जेवणाला ते ‘निस्तिसिमो’ म्हणतात: मांस नाही, अंडं नाही, दूध-दही-चीज नाही. हा एक शब्द खानावळीत म्हटला की मोठ्या घेवड्यासारखे टोमॅटोत भाजलेले गिगांतेस येतात, उकडलेली रानभाजी लिंबू पिळून येते, मसुराची आमटी येते. आईंनी आमटी चाखून फोडणी नाही एवढाच शेरा मारला. समुद्रातली कालवं-माकुळ यांना मात्र त्यांच्या उपासात मुभा असते, तेव्हा ताट पुढे आलं की एकदा विचारून घ्यावं.

तांब्या न्या. तिथे जेट नसतो, आणि बऱ्याच ठिकाणी कागदही कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. रविवारी बरीच मोठी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणून ठेवा.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: साइटवर खातं उघडताना मोबाइल नंबर अशा माणसाचा द्या जो रात्री तीनला तुमच्या शेजारी असेल. मी पहिल्या खात्यात आदराने काकांचा नंबर दिला होता, घरातले वडीलधारे म्हणून. फेब्रुवारीत एका सकाळी आठ वाजता पाचांचा हिरवा चौकोन आला, मी सगळं वेळेत भरलं, ओटीपी नाशिकला गेला. मी फोन केला. काकू म्हणाल्या, ते आंघोळीला गेलेत, पाच मिनिटांत येतील. ओटीपी तीन मिनिटांचा होता.