मुलींसाठी एनडीए: परीक्षा तीच, जागा वेगळ्या

"तुमच्यासाठी निकष खाली आणले, म्हणून तुम्हाला संधी मिळाली." एनडीएबद्दल, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीबद्दल, हे वाक्य बारावीपासून आजपर्यंत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं ठरवलं. लेखी परीक्षा, एसएसबी (अधिकारी निवडीची पाच दिवसांची मुलाखत), मेडिकल, मेरिट लिस्ट या सगळ्यातून मी गेले. निकष नेमका कुठे वेगळा होता आणि कुठे नव्हता, हे मी जवळून पाहिलं आहे.

१८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा मी अकरावीत होते. त्याआधी जाहिरातीत 'अविवाहित पुरुष उमेदवार' असंच छापलेलं असायचं. केंद्र सरकारने तयारीसाठी पुढच्या मे महिन्यापर्यंत वेळ मागितला होता, न्यायालयाने तो दिला नाही. १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेसाठी पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज भरले आणि एक हजाराच्या आसपास मुली लेखीत पास झाल्या. जागा होत्या १९: भूदलात १०, हवाई दलात ६, नौदलात ३. या १९ च्या आकड्याकडे मी नंतर येतेच.

आमच्या सांगली जिल्ह्यात भरतीची तयारी म्हणजे पहाटेचं मैदान, आणि मैदान म्हणजे मुलं. मुलींसाठी वाट नव्हती असं मात्र नाही. पुण्याजवळ कासार आंबोलीला मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून आहे. तिथल्या मुलींनी दोन तपं कवायत केली, घोड्यावर बसल्या, नेमबाजी केली, आणि खडकवासला तासाभराच्या अंतरावर असूनही एनडीएचा अर्ज त्यांना भरता येत नव्हता. मला त्यांचं फार वाटतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी माझ्यापेक्षा तयार असणार.

मी २०२२ मध्ये पुण्यात परीक्षा दिली. गणित ३०० गुणांचं, जनरल अॅबिलिटी ६०० गुणांची, प्रत्येक पेपर अडीच तासांचा, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मुलामुलींचा वर्ग एक, पेपर एक. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. गणित अकरावी-बारावीचंच असतं, वेग लागतो.

एसएसबीला मला भोपाळ मिळालं. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने गेले. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग असतं: बुद्धिमत्तेची चाचणी, मग एक धूसर चित्र काही सेकंद दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, आपल्या गटात ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे बहुतेकांचा प्रवास संपतो. दुपारी निवडलेल्यांचे चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेले क्रमांक, वाचले गेले. ज्यांचे वाचले नाहीत त्यांना त्याच दिवशी स्टेशनवर सोडलं. आमच्या खोलीतल्या एका मुलीने सकाळीच मला वेणी घालून दिली होती. ती गेली, मी राहिले.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, अर्धा तास. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली वाक्यं तिथे आठवतही नाहीत, हात जे लिहितो तेच आपण असतो. मग दोन दिवस जीटीओचे, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याचे, मैदानावरचे टास्क. फळी, दोरी आणि ओंडका घेऊन गटाने अडथळे पार करायचे, लाल रंगवलेल्या भागाला हात किंवा पाय लावायचा नाही. आम्हा मुलींचा गट वेगळा होता, पण टास्क आणि नियम तेच. एकट्याने करायच्या अडथळ्यांना तीन मिनिटं. कमांड टास्कमध्ये, म्हणजे आपण प्रमुख होऊन पार पाडायच्या कामात, मला विचारलं, मदतनीस कोण घेणार? सगळ्यात धिप्पाड मुलीऐवजी मी शांतपणे ऐकून घेणारी निवडली. ओंडका दोघींनी मिळून पेलला.

पाच दिवस जे तपासलं जातं ते हेच आहे: अडचणीत डोकं चालतं का, गटातला माणूस तुमचं ऐकतो का, तुम्ही त्याचं ऐकता का, थकल्यावर स्वभाव बदलतो का. यात मुलींसाठी काय सोपं करणार? लेखीला ९०० गुण आणि एसएसबीला ९००. निम्मं वजन या पाच दिवसांचं आहे, आणि 'निकष खाली आले' म्हणणारी माणसं या पाच दिवसांबद्दल कधी बोलत नाहीत.

शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोरच्या कॉन्फरन्सनंतर माझा चेस्ट नंबर वाचला, मी रेकमेंड झाले, म्हणजे माझी शिफारस झाली, आणि मेडिकलला गेले. निकष खरोखर वेगळे दिसतात ते इथे. भूदलासाठी मुलांना किमान उंची १५७ सेंटीमीटर, मुलींना १५२. हात सरळ केल्यावर कोपरात जो कोन होतो, तो मुलींचा निसर्गतः थोडा जास्त असतो, म्हणून त्याची मर्यादाही वेगळी. पण उंचीची सवलत मुलींमुळे आलेली नाही. गोरखा, ईशान्येच्या डोंगराळ भागातले, गढवाल-कुमाऊंचे उमेदवार यांच्यासाठी मुलांनाही १५२ ची मर्यादा आधीपासून आहे. त्यामुळे सैन्याचा दर्जा घसरला असं गोरखा पलटणींकडे बघून कोण म्हणेल? शरीराची ठेवण पाहून मोजपट्टी ठरवायची रीत जुनीच आहे.

मेरिट लिस्ट लागली. माझं नाव त्यात होतं. जॉइनिंगचं पत्र आलं नाही, कारण मुलींच्या जागा वेगळ्या मोजलेल्या होत्या आणि त्या माझ्या वरच संपल्या. यादीत माझ्या खाली असलेला, आमच्याच जिल्ह्यातला एक मुलगा खडकवासल्याला गेला. त्याला मी मनापासून शुभेच्छा दिल्या. त्याने जागा कमावलीच होती. पण दोघांनी तोच पेपर सोडवला, तीच एसएसबी दिली, आणि शेवटी नंबर बघितला गेला नाही. पहिल्या वर्षीनंतर पुन्हा १९ च जागा का, असं जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला विचारलं होतं. ज्याला पात्रतेचा वाद म्हणतात तो माझ्या बाबतीत इथे, जागांच्या गणितात होता.

आमच्या गावातले एक निवृत्त सुभेदार मुलांना पळायला शिकवतात, मलाही त्यांनीच शिकवलं. या विषयावर ते माझ्याशी अजून भांडतात. "पोरी, डोंगरात पाठीवरचं वजन बाई-बाप्या बघत नाही," असं ते म्हणतात. त्यांचं हे म्हणणं मला पटतं. ज्या कामाला अमुक वजन घेऊन अमुक अंतर जावं लागतं, तिथे एकच निकष असावा, तो आधी लेखी जाहीर व्हावा आणि सगळ्यांचा तसाच मोजला जावा. मात्र मग तो त्या कामासाठी असावा, आणि जी मुलगी तो पार करेल तिला जागा मिळावी. निकषही पार करायचा आणि वर कोटाही, हे मला मान्य नाही. "हे बरोबर," एवढं सुभेदार काकाही कबूल करतात.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या १४८ व्या कोर्समधून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. तीनशेहून जास्त मुलांच्या बरोबरीने त्यांनी तीन वर्षं पूर्ण केली. तो सोहळा मी मोबाइलवर पाहिला, आईला शेजारी बसवून. ती ओळखीच्या मुली शोधत राहिली.

माझं एनडीएचं वय कधीच उलटलं, साडेएकोणीसची मर्यादा असते. आता पदवी झाली आहे आणि सीडीएस या पदवीनंतरच्या परीक्षेतून चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, अर्ज भरला आहे. तिथे १९९२ पासून महिला अधिकारी घडताहेत. या वेळी गणिताचा पेपर नाही, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, मग पुन्हा एसएसबी. ज्या मुली आत्ता दहावीत आहेत त्यांनी नाशिकच्या मुलींच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची चौकशी जरूर करावी. माझ्या वेळी ती नव्हती. २.४ किलोमीटर पंधरा मिनिटांच्या आत पळायची सवय आजपासून लावा, आणि अर्ज भरताना आपल्यासाठी किती जागा आहेत तो रकाना नीट वाचा.