दाराला दुसऱ्यांदा विनियर

पहिला फुगा कुलपाच्या वर चार बोटांवर आला. दाबला की आत जायचा, बोट काढलं की परत वर. आठवड्याभरात तसेच आणखी तीन. बाहेरच्या दाराला विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावून दोन महिनेही झाले नव्हते.

सनमायका लावतात तसा मी दारावर आणि विनियरच्या पाठीवर रबरी गोंद फासला होता, बोटाला लागेनासा होईपर्यंत वाळवला आणि विनियर दाबून बसवलं होतं. आतल्या कपाटाला हे चालून जातं. या दारावर मात्र दुपारचं ऊन थेट पडतं. उन्हानं हा गोंद मऊ पडतो, आणि विनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. दमट हवेत ते आडवं फुगतं, उन्हात आकसतं. मऊ पडलेला गोंद त्याला धरणार कसा?

हीट गन आणि पटाशी घेऊन सगळं खरवडण्यात दोन रविवार गेले. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

या वेळी दार बिजागऱ्यांवरून उतरवून सपाट टेबलावर टाकलं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं कोरं लाकूड दिसेपर्यंत घासलं, खड्डे इपॉक्सी पुट्टीनं भरले. इतक्या पातळ विनियरखाली राहिलेला खड्डा पॉलिशनंतर हमखास उठून दिसतो.

गोंदही इपॉक्सीच घेतला, सावकाश जमणारा. साधा पांढरा गोंद पाण्यापुढे टिकत नाही. डी४ दर्जाचा, म्हणजे पाण्याला दाद न देणारा, टिकला असता, पण तो लवकर ओढतो आणि मी एकटा होतो. दातेरी पट्टीनं पातळ थर ओढला. जास्त झालेला इपॉक्सी विनियरच्या रंध्रांतून वर येतो आणि त्या जागी पुढे रंग मुरत नाही, डाग राहतो.

खरी कसरत दाबाची. क्लॅम्प कडेला पोहोचतात, मध्यापर्यंत नाही. म्हणून विनियरवर प्लास्टिक, त्यावर जाड प्लाय, आणि प्लायवर आडव्या लाकडी पट्ट्या, खालच्या अंगानं मध्यभागी किंचित फुगीर रंधलेल्या. टोकं आवळत गेलं की दाब आधी मधे बसतो आणि मग कडेकडे सरकतो. हवा आणि जादा गोंद बाहेर निघतो. चोवीस तास हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दार उलटं करून मागच्या बाजूला तेच केलं. आधीच्या वेळी ती बाजू सोडली होती, म्हणून दाराला बाक येऊन वरचा कोपरा चौकटीपासून सुटला होता. मी उगाच बिजागऱ्यांना दोष देत बसलो. दोन्ही बाजू एकाच वेळी दाबणं जास्त चांगलं, पण तेवढे क्लॅम्प माझ्याकडे नव्हते.

१८० नंबरनं घासताना एका कोपऱ्यावर हात जड पडला आणि खालचं लाकूड उघडं झालं. रंग जुळवून झाकलंय. मला दिसतं, पाहुण्यांना नाही.

वरून बाहेरच्या वापराचं, ऊन अडवणारं व्हार्निश, चार हात. वरची आणि खालची कड दार टांगण्याआधीच रंगवली, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. टांगल्यावर खालची कड दिसत नाही, म्हणून पाऊस संपला की दाराखाली आरसा सरकवून ती बघतो. अजून तरी कुठे काळी पडलेली नाही.