लॅटिनची क्रियापदं आणि माझं लाटिनूम

जर्मनीत इतिहास शिकायला आले आणि मध्ययुग हा विषय घेतला, तेव्हा कळलं की लाटिनूम द्यावी लागणार. म्हणजे लॅटिनची परीक्षा: रोमन वक्ता सिसेरोच्या तोडीचा उतारा समोर, हाताशी शब्दकोश, आणि जर्मनमध्ये अनुवाद करायचा. शाळेत संस्कृत घेतलेलं असल्यामुळे मी तशी निर्धास्त होते.

सुरुवातीला संस्कृतनं साथही दिली. आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमांत ही वर्तमानकाळाची रूपं भवामि-भवसि-भवतिच्या शेजारी मांडली की नातं लपत नाही. धातू आणि व्याकरणाची रूपं यांतल्या याच साम्याकडे इंग्रज प्राच्यविद्या-पंडित विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात बोट दाखवलं होतं. लॅटिनमध्ये द्विवचन नाही आणि गण, म्हणजे रूपं चालवण्याच्या पद्धतीनुसार क्रियापदांचे वर्ग, फक्त चार. दहा गण घोकलेल्या माणसाला हे स्वस्तच वाटतं.

खरी पंचाईत झाली ती '-एत' या शेवटाशी. 'मोनेत' म्हणजे तो बजावतो, वर्तमानकाळ. 'रेगेत' म्हणजे तो राज्य करील, भविष्यकाळ. आणि 'आमेत' म्हणजे त्यानं प्रेम करावं, विध्यर्थ. शेवट तोच, अर्थ तीन! क्रियापद कुठल्या गणातलं हे ठाऊक नसेल तर नुसत्या प्रत्ययावरून काहीच ठरत नाही. रूपांचे सगळे तक्ते पाठ असूनही वर्गातली निम्मी मुलं इथेच अडकायची.

शिकवणाऱ्या बाईंचा एकच हट्ट: तक्ते नंतर, आधी श्टामफॉर्मेन. म्हणजे प्रत्येक क्रियापदाची चार मूळ रूपं, 'दीको, दीकेरे, दीक्सी, दिक्तुम' (बोलणे) अशी एका दमात म्हणायची. 'दीकेरे'वरून गण कळतो, 'दीक्सी'वरून पूर्ण भूतकाळाचं अंग (ज्याला प्रत्यय लागतात तो भाग), 'दिक्तुम'वरून धातुसाधित. पहिल्या अंगावर तीन काळ उभे राहतात, दुसऱ्यावर आणखी तीन, आणि या दुसऱ्या तिघांत गणांची भानगडच नाही. 'दीक्सेरात', 'आमावेरात', 'तुलेरात' सगळे एकाच साच्यातले. शेवटचं 'फेरो'चं, म्हणजे आपल्या 'भरामि'च्या भावंडाचं. त्याची चार रूपं 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम' अशी तीन दिशांना पांगलेली आहेत. ती पाठच करावी लागतात, तर्क चालत नाही.

शब्दकोश मिळतो म्हणून परीक्षा सोपी, हा समज चुकीचा आहे. लढाईच्या उताऱ्यात 'केकिदित' दिसलं तर ते 'कादो'चं असू शकतं, म्हणजे तो पडला; किंवा 'काएदो'चं, म्हणजे त्यानं कापून काढलं. फरक आहे मधल्या इकाराच्या ऱ्हस्वदीर्घाचा, आणि छापील उताऱ्यात तो बहुधा दाखवलेला नसतो. मग कर्म शोधायचं. कुणाला कापलं ते वाक्यात असेल तर दुसरं, नसेल तर बहुधा गडी पडला.

मराठीचा फायदा मात्र अनपेक्षित ठिकाणी झाला. 'लिबेर स्क्रिप्तुस एस्त', 'एपिस्तुला स्क्रिप्ता एस्त' इथे धातुसाधित लिंगाप्रमाणे बदलतं, हे जर्मन मुलांच्या चटकन लक्षात राहत नसे. ग्रंथ लिहिला गेला, चिठ्ठी लिहिली गेली, असं आयुष्यभर बोलणाऱ्या मला त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतंच. डिपोनंट क्रियापदंही तशीच: रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. सगळे वैतागले होते. मला मात्र 'मोरिओर'च्या (मरतो) मागे सरळ आत्मनेपदी 'म्रियते' दिसलं, 'सेक्वोर'च्या (मागोमाग जातो) मागे 'सचते'.

परीक्षेच्या उताऱ्यात 'प्रोफेक्तुस एस्त' आलं होतं. 'प्रोफिकिस्कोर' हे डिपोनंट, म्हणजे 'निघाला', 'पाठवला गेला' नव्हे. ते लिहून पुढच्या वाक्याकडे वळले. तिथे विध्यर्थांची रांगच लागली होती, आणि उरलेला बहुतेक वेळ तिनंच खाल्ला. पास झाले, गुण बेताचेच.