पाकोळ्यांच्या गुहेवर पहारा

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडकाळ बेटांचे पुंजके आहेत. तिथल्या काळोख्या गुहांत भारतीय पाकोळ्या (इंडियन स्विफ्टलेट हे छोटे पक्षी) घरटी करतात. आपल्याच लाळेत पिसे आणि काड्या चिकटवून बांधलेली ही अर्धी वाटी खडकाच्या उभ्या कातळाला डकवलेली असते आणि तीत बहुधा दोन अंडी असतात. चीनमध्ये अशा घरट्यांचे सूप पौष्टिक मानले जाते, त्यामुळे घरट्यांना मोठी किंमत मिळते, आणि एवढ्या एका कारणाने कोकणातल्या एका निर्जन बेटापर्यंत तस्कर पोचले होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वनखात्याच्या मदतीने या तस्करीला आळा घातला.

घरटे काढून नेले की पाकोळी पुन्हा बांधायला घेते. मात्र त्यासाठी लागणारी लाळ अंगातूनच यायची असते, बांधकामात कित्येक आठवडे जातात आणि विणीचा हंगाम तर पावसाआधीच उरकायचा असतो. दुसरे घरटेही खरवडले गेले, तर त्या वर्षी पिल्लू नाहीच.

अंदमानातली पाकोळी जवळजवळ निव्वळ लाळेचे घरटे करते आणि सुपासाठी हवी असते ती लाळच, म्हणून तिच्यावर अधिकच संकट. तिथे सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे पक्षितज्ज्ञ रवी शंकरन यांनी गुहा पालथ्या घातल्या आणि पक्षी झपाट्याने घटल्याचे दाखवून दिले. पुढे वनखात्यासह उत्तर अंदमानातल्या ‘चालीस एक’ या गुहांवर विणीच्या काळात पहारा बसवण्यात आला. मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पहारेकऱ्यांची निवड: पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच या कामावर घेतले गेले. कोणत्या कपारीत किती घरटी असतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? (कागदावरचा कायदा गुहेच्या तोंडाशी रात्र काढत नाही.) घरट्यांची मोजदादही त्यामुळे सोपी झाली. पिल्ले उडून गेल्यावर रिकामी घरटी काढून विकू द्यावीत, असा शंकरन यांचा आग्रह होता. तो अनेकांना रुचला नाही, मला मात्र पटतो.

वेंगुर्ल्याची अडचण वेगळी आहे. तिथे पहारा होडीनेच ठेवावा लागतो आणि अनोळखी होडी सर्वांत आधी दिसते ती मच्छीमारांना. तेव्हा विणीच्या महिन्यांपुरते त्यांच्यापैकीच काहींना रीतसर मानधनावर नेमावे, असे मला वाटते.