लाइट गेली की आण्णांची गाणी गायब

जुलैचे तीन आठवडे आमच्या घरात एकच वाक्य चालू होतं, "आरं ते तुझं सर्वर बघ की जरा." टीव्हीचा आवाज गेला तरी सर्वर, अँपमधनं (ॲम्प्लिफायर, आवाज मोठा करणारा डबा) घुर्र आलं तरी सर्वर, एकदा तर गिझर तापला नाही तर आण्णा माझ्याकडंच बघायला लागले. चूक त्यांची पण नाही म्हणा. मीच मे महिन्यात रास्पबेरी पाय फोर हा छोटा कॉम्प्युटर आणून टीव्हीच्या कपाटात बसवला, त्याला जुनी एक टीबीची पोर्टेबल डिस्क लावली, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) नॅव्हीड्रोम हा गाण्यांचा सर्वर टाकला आणि आण्णांना टॅबवर ॲप काढून दिलं की आता तुमची सगळी गाणी ह्यात. टॅबची वायर जुन्या अँपच्या ऑक्सला. आणि त्याच आठवड्यापासून अँप घुर्र करायला लागला.

आण्णा सकाळी सहाला गाणं लावतात. जयपूर घराण्याचं वेड आहे, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते हे कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकायला लागतं. तर त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांचा जुना तीन-सव्वातीन मिनिटांचा तबकडीचा तुकडा लावला आणि त्याच्याखाली सतत एक म्हैस घुमल्यासारखा आवाज, तर माणूस चिडणारच.

मी काय केलं तर पायचा अडॅप्टर बदलला, टॅबची वायर बदलली, पाय कपाटातनं काढून खिडकीत ठेवला, सगळं एकाच संध्याकाळी. काही फरक नाही, आणि फरक पडला असता तरी कशानं पडला ते कळलं नसतंच. मग आण्णा म्हणाले, "टीव्ही बंद असला तरी येतंय, आणि तुझा टॅब काढून ठेवला तरी येतंय." हे ते मला दुसऱ्यांदा सांगत होते, मी पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. टॅब काढल्यावर पण येतंय म्हणजे पायचा संबंधच संपला ना. मग सरळ अँप बंद करून मागच्या सगळ्या लाल-पांढऱ्या पिना काढल्या, चालू केला, गप्प. एकेक लावत गेलो. टीव्हीची पिन लावली की घुर्र. पिन तशीच ठेवली आणि सेटटॉप बॉक्समधनं केबलची जाड वायर स्क्रू फिरवून काढली, तर घुर्र बंद. मग आईला आठवलं की मे महिन्यातच केबलवाला पोरगा येऊन गच्चीवरनं नवीन वायर ओढून गेला होता!

झालं असं की अँपला तीन पिनच्या प्लगमधनं घरातलं अर्थिंग, आणि केबलच्या वायरीचं बाहेरचं जाळीचं आवरण लांब कुठंतरी दुसरीकडं अर्थला. ह्या दोन अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला की तो सेटटॉप, टीव्ही आणि आरसीए वायर (ती लाल-पांढऱ्या पिनांची) असा फिरून अँपमध्ये येतो. आपली लाइन ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि त्याच्या पटीतला १०० हर्ट्झचा घुमारा ऐकू येतो. ग्राउंड लूप म्हणतात ह्याला.

गल्लीतल्या वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "सोपं हाय, अँपची अर्थची पिन तोडून टाका." आणि खरं सांगायचं तर घुर्र बंद होतंय त्यानं. पण अँपची बॉडी लोखंडी, आत काही सुटलं तर करंट बॉडीवर येणार आणि जाणार कुठं, तर आण्णांच्या हातातनं. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, भिंतीला ओल. हा सल्ला देणारी माणसं मला समजतच नाहीत.

मी ऑप्टिकलचा मार्ग धरला. टीव्हीच्या मागं ऑप्टिकल आउट होताच, एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा अँपला कळेल असा साधा सिग्नल करणारा डबा) घेतला आणि त्यातनं अँपला. ऑप्टिकल वायरीतनं नुसता उजेड जातो, वीज जातच नाही, त्यामुळं लूप तुटला. पहिला अर्धा तास आवाजच आला नाही कारण वायरीच्या टोकावरची ती बारीक प्लॅस्टिकची टोपी मी काढलीच नव्हती. हसू नका, पारदर्शक असते.

टोपी काढल्यावर आवाज आला, पण अर्धवट. लोकल चॅनेलवर पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं ते खणखणीत (३९ ला इशारा, ४३ ला धोका, पावसाळ्यात आमच्याकडं हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात), आणि आईची मालिका मात्र मुकी. आई म्हणाली तू मुद्दाम केलंयस. मालिका एचडी चॅनेलवर, तिथला आवाज डॉल्बीमध्ये येतो, टीव्हीचं सेटिंग 'ऑटो'वर होतं म्हणून टीव्ही तो डॉल्बी तसाच पुढं ढकलत होता आणि आमच्या स्वस्त डॅकला पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) सोडून दुसरी भाषा येत नाही. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएम केलं, काम झालं. आता टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त होत नाही, उठून अँपचं बटण फिरवायला लागतं, ह्यावरनं आई रोज एकदा बोलते, चालायचंच.

घुर्र गेल्यावर मला वाटलं सुटलो. तर दुसरंच निघालं. टॅबवर गाण्यांची यादी सगळी दिसते, फोटोबिटो दिसतात, पण गाणं दाबलं की वाजत नाही. मी कंटेनर रिस्टार्ट मारायचो, वाजायला लागायचं. मग चार-पाच दिवसांनी परत तेच, परत रिस्टार्ट. रिस्टार्ट मारला की चालतंय म्हणून कारण शोधलंच नाही, ही सवय वाईट, ऑफिसात मी ह्याच्यासाठी ज्युनिअर पोरांना झापतो. आण्णा मात्र म्हणत होते, "लाइट गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी हे होतंय बघ." मी म्हटलं आण्णा, लाइटचा काय संबंध, लाइट आल्यावर तो आपोआप चालू होतो.

आणि एका शनिवारी गाणी खरोखरच गायब झाली. आण्णांच्या चाळीसेक कॅसेटी आहेत, मी त्या डेकवर वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड करतोय, कट न मारता वेव्ह फाइल ठेवतो, तासाची कॅसेट सहाशे एमबीच्या आसपास होते. त्यातल्या अकरा कॅसेटी त्या आठवड्यात पायवर टाकल्या होत्या, त्यातल्या दोन तर आण्णांनी ऐकल्यासुद्धा. शनिवारी पाय रिबूट केला आणि अकराच्या अकरा नाहीत. आणि शहाण्यानं लॅपटॉपवरच्या कॉपी डिलीट मारल्या होत्या, जागा नव्हती म्हणून. घरात कुणाला सांगितलं नाही. जेवण पण गेलं नाही त्या दिवशी.

रात्री बसलो. 'डीएफ' कमांड (किती जागा भरली ते सांगते) मारली तर पायचं ३२ जीबीचं एसडी कार्ड जवळजवळ भरलेलं. 'डीयू'नं फोल्डर मोजले तर बेरीज सहा-सात जीबीनं कमी येतेय. भरलंय पण दिसत नाही. आणि अकरा कॅसेटी गुणिले सहाशे एमबी किती होतात बघा. तिथं डोक्यात उजेड पडला.

डिस्क माउंट करतो म्हणजे काय करतो, तर एसडी कार्डवरच्या एका रिकाम्या फोल्डरवर डिस्क अंथरतो, सतरंजीसारखी. आता लाइट गेली, परत आली, पाय उठला पण डिस्क उठलीच नाही, तर सतरंजीच नाही, खाली उघडी जमीन. त्या आठवड्यात मी फायली टाकल्या त्या सगळ्या जमिनीवर, म्हणजे एसडी कार्डवर पडल्या. नंतर रिबूट झाल्यावर डिस्क व्यवस्थित माउंट झाली, वरनं सतरंजी पडली, फायली खाली झाकल्या. डीयूला वरचंच दिसतं, डीएफ कार्डातली खरी जागा सांगतं. कंटेनर थांबवला, डिस्क अनमाउंट केली, आणि त्या फोल्डरमध्ये अकरा फायली अशा बसलेल्या जणू काही झालंच नाही. रात्री पावणेदोनला मी एकटाच हसत होतो.

यादी दिसते पण वाजत नाही ह्याचं उत्तर पण त्यातच. नॅव्हीड्रोमचा डेटाबेस एसडी कार्डवर, गाणी डिस्कवर, म्हणून यादी येते आणि फाइल सापडत नाही. आणि कधीकधी एसएसएचनं (लॅपटॉपवरनं) पायच्या आत जाऊन बघितलं तर डिस्क दिसायची आणि तरी वाजायचं नाही, कारण डिस्क उशिरा माउंट झाली, कंटेनर आधीच चालू झाला होता, आणि त्यानं चालू होताना जे रिकामं फोल्डर बघितलं तेच तो धरून बसतो. म्हणून रिस्टार्टनं चालायचं.

डिस्क का उठत नव्हती तर मी घरात पडलेला जुना मोबाइलचा चार्जर लावला होता. त्या एका संध्याकाळी बदलला तो पण दुसरा जुना चार्जरच. पाय फोरला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर पाहिजे, आणि त्याच्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतो. फिरणारी डिस्क चालू होताना जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं, डिस्क परत बंद. 'गेट थ्रॉटल्ड' (पायला पॉवर कमी पडली का ते सांगणारी कमांड) विचारलं तर झिरो एक्स ५०००० उत्तर, म्हणजे बूट झाल्यापासनं कधीतरी व्होल्टेज पडलंय आणि प्रोसेसरनं वेग पण कमी केलाय. मे महिन्यापासनं हा बिचारा सांगत होता, विचारलं कोणी नाही. आण्णांसारखंच.

आता पायला त्याचा स्वतःचा अडॅप्टर, डिस्कला वेगळा पॉवर असलेला यूएसबी हब. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठं माउंट करायची त्याची यादी) डिस्क यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या ओळख-नंबरानं, 'नोफेल' ठेवलंय नाहीतर डिस्क नसली की पाय बूटच होत नाही, पण डॉकरच्या सर्व्हिसला सांगितलंय की हा माउंट झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे डिस्क काढून खालच्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर' कमांडनं प्लस आय लावला. म्हणजे सतरंजी नसेल तर जमिनीवर काही ठेवताच येत नाही, लगेच एरर. राउटरमध्ये पायचा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा पत्ता) पण बांधून टाकला. केसरबाईंची नावं टॅगमध्ये तीन प्रकारे होती म्हणून ॲपमध्ये तीन केसरबाई दिसत होत्या, ते दुरुस्त करायचं काम आण्णांना दिलं, ते खूश.

मागच्या रविवारी आण्णांनी हाक मारली. "घुर्र परत आलं रं." माझं पोटात गोळा. अँपच्या मागं जाऊन पिना काढायला लागलो, केबल काढली, तरी येतंय. वीस मिनिटं घालवली. मग दुसरं गाणं लावलं, एकदम स्वच्छ. परत आधीचं लावलं, घुर्र. त्या अकरातली एक कॅसेट होती, आत्त्यानं जुन्या घरात पेटीवर गाऊन टेप केलेली, आण्णांनीच रेकॉर्डरचं बटण दाबलेलं.

म्हटलं, "आण्णा हे कॅसेटमध्येच आहे. ५० हर्ट्झ फिल्टर मारून काढता येईल."

"काढू नको," म्हणाले. "माळ्याखालचा टेबल फॅन हाय तो. लई गरम होतं त्या दिवशी."

बाकीच्या कॅसेटी अजून राहिल्यात, डेकचा बेल्ट सैल झालाय, आवाज लांबतोय. तेवढा बेल्ट आधी बघतो.