चिठ्ठीतली अकरा नावं

आमच्याकडं, म्हणजे कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये, मॅनेजर म्हणजे टीमशीट भरणारा, जर्सी मोजून घेणारा, बर्फाची पिशवी सांभाळणारा माणूस. इंग्लंडच्या बातम्यांतला मॅनेजर म्हणजे आपला कोच. आधीच सांगून ठेवतो, कारण त्या सोमवारी वेळ कोचवर आली होती आणि मी मॅनेजर. पोटापाण्याला झेरॉक्सचं दुकान आहे, पण सीझन लागला की ते बायकोच बघते.

रविवारी शाहू स्टेडियमवर तीन-शून्यनं हरलो. सलग चौथी मॅच. हरण्याचं एवढं काही नाही, पण समोर शेजारची पेठ होती. दुसऱ्या हाफला पाण्याच्या बाटल्या आल्या त्या आमच्याच गॅलरीतून, आमच्याच बेंचवर. रात्री अध्यक्षांचा फोन. "उद्या संध्याकाळी सातला तालमीत ये. कोचला सांगू नको."

सातची वेळ का, हे मला कळलं. आमचा कोच शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. सकाळची प्रॅक्टिस घेता यावी म्हणून सीझनभर सेकंड शिफ्ट मागून घेतो, मॅचच्या दिवशी रजा टाकतो. एकेकाळचा आमचाच स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू. कोचिंगच्या डी लायसन्सचा कोर्स स्वतःच्या खर्चानं केला. मानधन शून्य. सीझन संपला की शाल आणि नारळ.

तालमीत दहा-बारा जण जमले होते. आधी चहा, मग थेट विषय. "पोरं ऐकंनात त्याचं," आण्णा म्हणाले. आण्णा म्हणजे अध्यक्ष. एका तरुण कार्यकर्त्यानं लगेच इंग्लंडच्या लेस्टर क्लबचा दाखला काढला. "त्यांच्या कोचनं, रानिएरीनं, 2016 ला लीग जिंकून दिली, तरी नऊ महिन्यांत काढला त्याला. आपण काय घेऊन बसलोय?" कोपऱ्यातून तात्या उठले. मँचेस्टर युनायटेडला फर्ग्युसन कोच म्हणून 1986 ला आला, पहिला कप 1990 ला, चार वर्षं थांबले की नाही लोक? अर्धी पेठ मँचेस्टरची फॅन असल्यावर मीटिंग कुठं जाणार? वीस मिनिटं आम्ही ओल्ड ट्रॅफर्डवरच होतो.

खजिनदारांनी गाडी कोल्हापुरात आणली. बाहेरचा लायसन्सवाला कोच आणायचा तर पगार, खोली, जेवण. बाहेरून आणलेल्या दोन खेळाडूंच्या खोलीचं भाडंच दोन महिने थकलंय. मी म्हटलं, भारताच्या टीमचा कोच स्टिमॅक, त्याचा करार 2026 पर्यंत होता, त्याला जून 2024 मध्ये काढला आणि फेडरेशनला चार लाख डॉलरवर मिटवावं लागलं. खजिनदारांचा चेहरा उजळला. "आपल्याकडं करारच न्हाई की!" म्हणजे काढणं फुकट. हे ऐकून मला जरा लाजच वाटली, पण बोललो नाही.

मग कुणीतरी अनिकेत जाधवचं नाव घेतलं. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला आपल्या कोल्हापूरचा पोरगा. "तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. तालमीत कोण घडवणार?" प्रश्न खरा होता. पण त्याचं उत्तर पाच-सहा वर्षांचं आणि आम्हाला हवा होता येत्या रविवारचा निकाल.

अडचण वेगळीच होती. खेळाडूंची नोंदणी कधीच होऊन गेलेली. नवा कोच आला तरी पोरं तीच. त्यातली पाच कोचच्या गल्लीतली, गोलकीपर त्याचा भाचा. काढला तर ती या सीझनला दुसरीकडं जाऊ शकत नाहीत, पण घरी बसू शकतात. शिवाय आम्ही हरलो होतो ते वरच्या चार टीमशी, आणि पुढच्या दोन मॅच तळाच्या टीमशी होत्या. उद्या कुणालाही शिट्टी देऊन उभा केला तरी त्या दोन्ही निघण्यासारख्या. मग लोक म्हणणार, बघा, कोच बदलला आणि टीम उठली! हे मी सांगितलं. तात्यांनी मान हलवली, बाकीच्यांनी मोबाइल बघितले.

खरी गोष्ट माझ्या खिशात होती. कोच मॅचच्या सकाळी मला अकरा नावांची चिठ्ठी देतो. मी ती वहीत डकवतो आणि शेजारी प्रत्यक्ष उतरलेली टीम लिहितो. झेरॉक्सवाल्याची सवय, मूळ प्रत जपायची. चारही मॅचना चिठ्ठी जशीच्या तशी एकदाही मैदानात उतरली नव्हती. दर वेळी एखादं नाव गळायचं, त्या जागी दुसरं यायचं.

वही काढली आणि वाचायला लागलो. लेफ्ट विंगला जर्सीचा खर्च देणाऱ्यांचा पुतण्या. मधल्या फळीत आण्णांच्या फोनवरून आलेला एक. राइट बॅकला खजिनदारांच्या साडूचा. तालमीत एवढी शांतता मी फक्त कुस्ती लागायच्या आधी बघितलीय. चौथं नाव मी वाचलं नाही. तो माझ्या दुकानाच्या मालकाचा पोरगा. भाडेवाढ लांबावी म्हणून मीच कोचच्या हातापाया पडून त्याला घुसवला होता, आणि रविवारचा दुसरा गोल त्याच्याच पायातून बॉल गेल्यावर बसला.

शेवटी ठरलं ते असं की लीग संपेपर्यंत कोच राहील, पण त्याच्यावर तिघांची कमिटी. तिघांत मी. काहीच ठरवायचं नसलं की आमच्याकडं कमिटी नेमतात.

रात्री पावणेबाराला दुकानाचं शटर ओढत होतो. बायकोनं हिशोब अर्धा टाकला होता, तो लावत बसलो होतो. गाडी येऊन थांबली. कोच. अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे भट्टीच्या धगीनं लाल.

"तीनच वाचलीस म्हणं," तो म्हणाला.

चार तासांत बातमी शिरोलीपर्यंत पोचली होती. मी शटरचं कुलूप दोनदा लावलं आणि दोनदा काढलं.

"दादा, चौथं..."

"ऱ्हाऊ दे. मी कुणाला सांगितलं न्हाई." त्यानं किक मारली, गाडी सुरू झाली नाही, परत मारली. "सकाळी सहाला प्रॅक्टिस हाय. बॉलच्या खोलीची किल्ली तुझ्याकडंच ऱ्हायलीय. वेळेवर ये."