ग्रंथसूची डेटाबेस: फुगलेली बेरीज सुटली, आराखडा मात्र पुन्हा हलतोय

माझ्या पुस्तकांच्या आणि वाचनाच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमधला प्रकाशकनिहाय अहवाल अखेर बरोबर येतोय. मागच्या नोंदीत अडलेल्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) पानांची बेरीज फुगत होती. डेटा स्वच्छच होता, गोंधळ जॉइनचा, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडण्याचा होता.

टेबलं तीच: पुस्तक, प्रकाशक, लेखक, पुस्तक_लेखक, वाचन. अहवालात प्रत्येक प्रकाशकाची वाचलेली पानं आणि वेगवेगळे लेखक किती, हे हवं आहे. पुस्तक_लेखक आणि वाचन या दोन्ही टेबलांत एका पुस्तकाच्या अनेक ओळी असतात. दोन्ही एकाच क्वेरीत जोडली की ओळींचा गुणाकार होतो. 2 लेखक आणि वाचनाच्या 3 बैठका (100, 120, 100 पानं) असलेलं पुस्तक घ्या. जॉइननंतर 6 ओळी होतात आणि 320 ऐवजी 640 पानं दिसतात. हाच जॉइन लेखकनिहाय गटवला तर प्रत्येकाला बरोबर 320 मिळतात. एकाच लेखकाची पुस्तकंही नीट बसतात. म्हणूनच हा दोष इतका छळतो: थोडक्या डेटावर तपासलं तर सगळं ठीक वाटतं.

यावर सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या किमती एकदाच धरणं. लेखक मोजायला काउंट डिस्टिंक्ट योग्यच. पण सम (बेरीज) डिस्टिंक्ट पानांवर लावलं तर 100 ची दुसरी बैठक गळते आणि उत्तर येतं 220. बेरजेत डिस्टिंक्ट कधीही नको.

खरा उपाय म्हणजे आधी गटवा, मग जोडा. विथमध्ये, म्हणजे मुख्य क्वेरीच्या आधी लिहायच्या भागात, दोन तुकडे केले: पहिल्यात पुस्तक आणि वाचन जोडून प्रकाशकानुसार सम, दुसऱ्यात पुस्तक आणि पुस्तक_लेखक जोडून काउंट डिस्टिंक्ट. दोन्हींत प्रकाशकामागे एकच ओळ उरते, मग ते प्रकाशक टेबलाला लेफ्ट जॉइन केले (जोडी नसली तरी प्रत्येक प्रकाशक राहतो) आणि रिकाम्या जागी कोअॅलेस्स या फंक्शनने 0 घातलं. वर्षाची अट पहिल्या तुकड्याच्या आतच हवी. बाहेरच्या व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या अटीत) टाकली की त्या वर्षी काहीच न वाचलेले प्रकाशक गायब होतात, लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. शंका आली तर एकेक जॉइन वाढवत ओळी मोजा. जिथे आकडा अनपेक्षित उडी मारतो, तोच जॉइन दोषी.

मी वापरतो त्या एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीबद्दल एक तक्रार. ग्रुप बायमध्ये (गटवण्याच्या यादीत) नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये (दाखवायच्या यादीत) आला तरी ते निमूट गटातल्या कुठल्या तरी ओळीची किंमत देतं. पोस्टग्रेस ही दुसरी प्रणाली सहसा तिथेच अडवते, त्यामुळे अहवालाच्या क्वेरी एकदा तिकडे चालवून घ्याव्यात हे माझं ठाम मत.

प्रकाशकाचं शहर पुस्तक टेबलातून निघालं, हे या फेरीतलं मोठं समाधान. शहर पुस्तकावर नाही, प्रकाशकावर ठरतं. तिसरं नॉर्मल फॉर्म, म्हणजे प्रत्येक माहिती ज्यावर ठरते त्याच्याच टेबलात ठेवण्याचा नियम, इथे पुस्तकी राहत नाही. आता पत्ता बदलला तर एकच ओळ अपडेट.

पुढचा बेत पुस्तक_लेखकमध्ये भूमिका कॉलम घालण्याचा होता, म्हणजे अनुवादक आणि संपादकही तिथेच बसले असते. पण हे लिहिताना लक्षात येतंय की पृष्ठसंख्या आणि प्रकाशक मुळात आवृत्तीचे गुण आहेत. लेखक कृतीचा असतो, अनुवादक मात्र ठरावीक आवृत्तीचा. मग भूमिका कॉलम इथे नकोच. कृती (मूळ लेखन) आणि आवृत्ती (तिचं छापलेलं रूप) वेगळ्या करायच्या: कृती_लेखक टेबलाची प्रायमरी की (ओळ ओळखणारी किंमत) दोन कॉलमांची, आवृत्ती_सहभागची तीन कॉलमांची, भूमिका धरून.

स्थलांतराचा क्रम असा ठरतोय: पुस्तक टेबलाचं नाव बदलून आवृत्ती करायचं, क्रमांक तेच ठेवायचे, म्हणजे वाचनमधल्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे क्रमांक) हलवाव्या लागणार नाहीत. एसक्यूलाइट 3.26 पासून नाव बदललं की ते संदर्भ आपोआप बदलतात. प्रत्येक आवृत्तीला आधी स्वतःची कृती, नंतर एकाच कृतीच्या आवृत्त्या हाताने एकत्र. कृती_क्रमांक नॉट नल (रिकामा न राहणारा) हवा, म्हणून टेबल नव्याने बांधावं लागेल. त्याआधी फॉरेन कीची तपासणी बंद करायची, आणि तीही बिगिनच्या आधी, कारण ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारे बदल) सुरू असताना ती बंद करणारा प्राग्मा, म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा, काहीच करत नाही. कमिटपूर्वी (बदल पक्के करण्यापूर्वी) तुटलेले संदर्भ दाखवणारा फॉरेन_की_चेक चालवायचा. एकही ओळ आली तर रोलबॅक, सगळे बदल रद्द.